निरोप कोणाच्या हाती?

तोबितच्या ग्रंथातील एक प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. निनवे नगरीत परागंदा होऊन राहिलेल्या वृद्ध तोबितने आपला मुलगा तोबिया याला, पूर्वी ठेवलेली रक्कम आणण्यासाठी दूर मेदिया प्रांती धाडले. वाटेत मुलाचा विवाह ठरला, चौदा दिवसांचा सोहळा झाला आणि परतण्याचा दिवस उलटून गेला. इकडे बाप दिवस मोजत राहिला. आई रोज वाटेकडे डोळे लावून बसली आणि मुलगा आता या जगात नाही असे समजून रात्रंदिवस रडली. मुलगा मात्र सुखरूप होता. त्या घरावरचे दुःख मृत्यूचे नव्हते. निरोप न पोचल्याचे होते.

परदेशी निघालेल्या तरुणाला मोबाईल फोन खरोखर आवश्यक आहे काय, असे वडीलधारी मंडळी अधूनमधून विचारतात. पूर्वजांनी फोनवाचून समुद्र ओलांडले, पैसे पाठवले, घरे बांधली. मग आजच्या मुलाला पहिल्या दिवसापासून ते यंत्र कशाला, असा त्यामागचा भाव असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधणे इष्ट आहे. पूर्वीच्या नवागताला निरोपाचे साधन नव्हते असे नाही. ते त्याच्या स्वतःच्या हाती नव्हते, आणि त्याची किंमत त्याने फार मोठी मोजली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे पोलंड पाहा. त्या काळी पोलंडचे राज्य उरले नव्हते; तीन साम्राज्यांनी देश वाटून घेतला होता. रशियाच्या अमलाखालील भागात १८९० व १८९१ या दोन वर्षांत ब्राझीलला जाण्याची जणू साथच पसरली. तेथे फुकट प्रवास आणि जमीन मिळते हे ऐकून शेतकऱ्यांची कुटुंबेच्या कुटुंबे बोटीवर चढली. काही जण संयुक्त संस्थानांत गेले. तेथे पोचल्यावर प्रत्येकाने जे करायचे तेच केले : घरी पत्र लिहिले. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने लिहवून घेतले. पत्राचा आरंभ येशू ख्रिस्ताच्या स्तुतीने होई. मग आईवडिलांना, भावंडांना, शेजाऱ्यांना नावानिशी प्रणाम आणि नंतर मुख्य मजकूर. कोणी बायकोला बोलावून घेई आणि सोबत बोटीचे आधीच पैसे भरलेले तिकीट धाडी, तर कोणी येथील हाल सांगे.

यांतील पुष्कळ पत्रे घरी पोचलीच नाहीत. लोक देश सोडून जाऊ नयेत म्हणून झारच्या अधिकाऱ्यांनी ती टपालातच अडवली आणि दप्तरात बांधून ठेवली. पुढे इतिहासकार विटोल्ड कुला यांच्या ती दृष्टीस पडली. मूळ पत्रांचा बराच भाग १९४४ साली वॉर्सॉच्या विध्वंसात नष्ट झाला. उतरवून घेतलेली पत्रे १९७३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आज अभ्यासक ती वाचतात. ज्या बायकोसाठी ती लिहिली होती तिने मात्र ती वाचली नाहीत. नवऱ्याने तिकीट पाठवले हे तिला कळले नसेल आणि बायको का येत नाही हे त्याला उमगले नसेल. दोघांनीही एकमेकांना निष्ठुर ठरवले असणे अगदी शक्य आहे. एका कारकुनाने टेबलावर पत्र बाजूला सारले, एवढ्यानेच हे घडू शकत होते.

इटलीची कथा वेगळी, पण मुळाशी तीच. तेथे पत्रे कोणी अडवली नाहीत. ती मध्यस्थाच्या हातून जात. न्यूयॉर्कला उतरणाऱ्या अशिक्षित इटालियन मजुराची गाठ प्रथम पडे ती 'पाद्रोने'शी, म्हणजे मुकादमाशी. तो काम मिळवून देई, राहण्याची जागा दाखवी, तिकिटाची उचल देई, पत्र लिही, आलेले पत्र वाचून दाखवी आणि घरी पैसे पाठवण्याचे कामही अंगावर घेई. मजुराची सारी दुनिया एकाच माणसाच्या मुठीत असे. दलाली किती कापली, पैसे खरोखर पोचले काय, घरून काय उत्तर आले, हे सर्व त्याने सांगावे आणि याने ऐकावे. हे प्रकार इतके बोकाळले की शेवटी इटालियन सरकारने १९०१ मध्ये कायदा करून स्थलांतरितांचे पैसे स्वदेशी आणण्याचे काम बांको दि नापोली या बँकेकडे सोपवले.

ख्रिस्तसभेने ही व्यथा सरकारच्या आधी ओळखली होती. पियाचेन्साचे महागुरू योहान बाप्तिस्ट स्कालाब्रीनी यांनी मिलानच्या रेल्वे स्थानकावर पाहिलेले दृश्य १८८७ साली लिहून ठेवले आहे. शेकडो गरीब माणसे, म्हातारी, बायका, मुले, बोचकी घेऊन अमेरिकेला निघाली होती. त्याच वर्षी त्यांनी स्थलांतरितांच्या सेवेसाठी धर्मगुरूंचा संघ स्थापन केला. त्या संघाचे धर्मगुरू न्यूयॉर्कच्या बंदरावर आपल्या माणसांना भेटत, मुकादमांपासून सावध करीत आणि निवारा दाखवीत. १८८९ मध्ये मदर फ्रान्सिस झेवियर काब्रीनी आपल्या भगिनींसह न्यूयॉर्कला पोचल्या. १९४६ साली त्यांना संतपद मिळाले. स्कालाब्रीनी यांना ते २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दिले. बंदरावर उभा असलेला तो धर्मगुरू नवागतासाठी काय होता? आपल्या भाषेत बोलणारा, खरे सांगणारा आणि दलाली न घेणारा निरोप्या होता.

अशीच सोय आपल्या किनाऱ्यावरही होती. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली असल्यामुळे मुंबई हा गोवेकराला एका अर्थी परमुलूखच होता. बोटीवर नोकरी धरू पाहणारा तारवटी प्रथम धोबी तलावाच्या परिसरात आपल्या गावाच्या कुडात उतरे. तेथे त्याची ट्रंक राही, संध्याकाळी सर्वांबरोबर जपमाळ होई आणि बोट मिळेपर्यंत तोच त्याचा पत्ता असे. परक्या शहरात पत्ता असणे म्हणजे काय, हे ज्याला तो नसतो त्यालाच कळते.

मग तारा आणि टेलिफोन आले तेव्हा हा प्रश्न सुटला नाही काय? यंत्रे आली, पण ती मजुरासाठी नव्हती. अटलांटिक महासागराखालून कायमची तार १८६६ मध्ये चालू झाली, तिचा उपयोग व्यापारी आणि सरकारे करीत. १९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात टेलिफोनवर बोलण्याची सोय झाली. तीन मिनिटांना पंचाहत्तर डॉलर पडत. स्थलांतरिताच्या घरी तार येई ती बहुधा मृत्यूची. म्हणूनच तारवाला दिसला की आपल्याकडेही काळजात धस्स होई. नवागताचा खरा आधार पुढची अनेक दशके पत्रच राहिले.

तेलाच्या भाववाढीनंतर, १९७० च्या दशकात आखाती देशांची दारे उघडली आणि वसईच्या गावांतूनही तरुण तिकडे गेले. त्या काळाची आठवण असलेल्यांना निळसर आंतरराष्ट्रीय पत्रे आठवतील. उत्तर येईपर्यंत तीन-चार आठवडे जात. तोवर विचारलेला प्रश्नच शिळा झालेला असे. कोणी सुट्टीवर आला तर त्याच्या हाती कॅसेट दिली जाई. तीत आईचा आवाज, मागे कोंबडा आरवण्याचा आवाज, मध्येच चर्चची घंटा. पुढे आयएसडीची पिवळ्या पाट्यांची दुकाने निघाली. तेथे बोलताना सर्वांचे लक्ष मीटरच्या लाल आकड्यांवर असे आणि सांगायचे ते नेमके राहून जाई.

याच काळात फिलिपिन्स या कॅथॉलिक देशाने परदेशी नोकरीला राष्ट्रीय धोरणाचे रूप दिले. १९७४ च्या कामगार संहितेनंतर तेथून प्रथम पुरुष आणि मग फार मोठ्या संख्येने स्त्रिया हाँगकाँग, सिंगापूर, सौदी अरेबिया, इटली अशा ठिकाणी गेल्या. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या या आयांची स्वतःची मुले मागे आजीपाशी वाढत होती. मुलाला ताप आल्याचे पत्र येईपर्यंत तो ताप उतरून गेलेला असे. १९९० च्या दशकात फिलिपिन्समध्ये मोबाईलवरील लघुसंदेश स्वस्तात, आरंभी काही काळ विनामूल्य, मिळू लागले आणि तो देश पाहता पाहता संदेश लिहिणाऱ्यांचा देश झाला. ब्रिटनमधील फिलिपिनो आया आणि त्यांची मायदेशातील मुले यांचा अभ्यास मिर्का मादियानू आणि डॅनियल मिलर यांनी केला. त्यांचे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आयांना फोनमुळे आपण पुन्हा आई झालो असे वाटत होते. मुलांचे मत तितके निःशंक नव्हते. काहींना फोनवरची आई दिलासा वाटली, तर काहींना ती फक्त तपासणी करणारी वाटली. फोनने अंतर मिटत नाही, हे या मुलांनी मोठ्यांना सांगितले.

परंतु फोनचे महत्त्व केवळ मायेच्या बोलण्यापुरते नाही. आखातातील 'कफाला' पद्धतीत परदेशी कामगाराचा परवाना मालकाशी जखडलेला असतो. बंद दाराआड राबणाऱ्या मोलकरणींचे पासपोर्ट आणि फोन मालकांनी काढून घेतल्याच्या तक्रारी मानवी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी वारंवार नोंदवल्या आहेत. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ हा २०११ मध्ये संमत झाला आणि प्रवासाची व ओळखीची कागदपत्रे कामगाराने स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यात मान्य झाला. छळ करणारा मालक नेमका फोनच का काढून घेतो, याचा विचार करावा. झारचा कारकून पत्र का अडवत होता याचे उत्तरही त्यातच आहे. ज्याचा निरोप तोडला तो माणूस एकटा पडतो आणि एकट्या माणसाला वाकवणे सोपे असते.

२०१५ मध्ये सीरिया, इराक, अफगाणिस्तान येथील लाखो निर्वासित युरोपात आले तेव्हा अनेकांच्या हाती स्मार्टफोन पाहून काही जणांनी नाके मुरडली. ज्यांना फोन परवडतो ते कसले निराधार, असा त्यांचा सवाल होता. त्या फोनचा उपयोग काय होता हे त्यांनी विचारले नाही. बुडत्या होडीतून मदत मागण्यासाठी, वाट शोधण्यासाठी, गर्दीत हरवलेल्या मुलाचा छडा लावण्यासाठी, परक्या भाषेतील फलक समजून घेण्यासाठी तो होता. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, संपर्क राखण्यासाठी निर्वासित आपल्या हातखर्चाच्या रकमेचा एक-तृतीयांशापर्यंत भाग खर्च करतात असे नमूद आहे. पोटाला चिमटा घेऊन माणूस ज्यावर खर्च करतो ती वस्तू चैनीची कशी म्हणावी?

आणि तरीही निरोप पूर्णपणे त्याच्या हाती आला असे म्हणता येत नाही. जर्मनीत २०१७ च्या कायद्याने, ओळखीची कागदपत्रे नसलेल्या आश्रयार्थींचे फोन तपासण्याचा अधिकार सरकारी कार्यालयाला मिळाला. ही तपासणी सरसकट करणे बेकायदेशीर आहे असा निर्णय तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. शिवाय अनेक देशांत ओळखपत्राशिवाय सिम मिळत नाही, आणि फोनच्या क्रमांकाशिवाय नोकरीचा अर्ज, बँकेचे खाते, खोलीचे भाडे यांपैकी काहीही सुरळीत होत नाही. पूर्वी कुडाचा पत्ता जे काम करी ते आज क्रमांक करतो. ज्याला क्रमांक नाही तो नवागत पुन्हा कोणा मुकादमाचा फोन मागत फिरतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिले आहे. परदेशी नवागताला फोन आवश्यक आहे, कारण कारकून, मुकादम आणि मालक यांना ओलांडून त्याचा शब्द घरी आणि घरचा शब्द त्याच्यापर्यंत नेणारे असे साधन सामान्य माणसाच्या खिशात पूर्वी कधीच नव्हते. त्याचा क्रमांक, त्याची कागदपत्रे आणि त्याची चावी त्याच्याचपाशी असावी, हे निघताना त्याला निक्षून सांगावे.

पण दुसरी गोष्टही सांगावी. रात्रभर घरच्यांशी बोलणारा आणि दिवसा शेजाऱ्याचे नावही न जाणणारा माणूस दोन्ही गावांना पाहुणाच राहतो. स्कालाब्रीनींचे धर्मगुरू बंदरावर नुसता निरोप घेऊन उभे नव्हते. ते हाताला धरून नेणारे सोबती होते. कुडातली जपमाळही एकट्याने होत नसे. नव्या मुलुखातील धर्मग्रामाचे दार, रविवारच्या मिस्सेनंतर थांबून विचारपूस करणारा अनोळखी माणूस, यांची जागा कोणतेही यंत्र घेणार नाही. आज आपल्याही गावांत दूरच्या प्रांतांतून मजूर कामाला येतात. त्यांच्याकडे फोन असतो. विचारपूस करणारा असतो काय?

तोबियाच्या आईला फोन मिळाला असता तर तिचे अश्रू वाचले असते, यात शंका नाही. पण तोबिया वाट न चुकता गेला आणि परतला तो सोबतीमुळे. तो सोबती देवदूत होता हे त्याला शेवटी कळले. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला फोन मिळावा आणि तेथे एखादा राफाएलही भेटावा. फोन आपण विकत देऊ शकतो. राफाएल मात्र आपल्यापैकीच कोणाला तरी व्हावे लागेल.