कोयना : एकाच पाण्याचे चार टप्पे

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना नदी सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर अशी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती एकदम पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. जलविद्युत प्रकल्पाचे सारे मर्म या वळणाआधीच्या पट्ट्यात आहे. इथे नदीचे खोरे आणि कोकण यांच्यामध्ये उभी आहे ती फक्त डोंगराची एक भिंत. भिंतीच्या पलीकडे वाशिष्ठीचे खोरे कोयनेच्या पात्रापेक्षा शेकडो मीटर खाली आहे. नदी आपल्या वाटेने गेली तर बंगालच्या उपसागरापर्यंतचा लांबचा, संथ उताराचा प्रवास करते. तेच पाणी डोंगराला भोक पाडून पश्चिमेला सोडले, तर अवघ्या काही किलोमीटरांत ते जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली येते. त्यात खोऱ्याचा पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास. वीज तयार करायला उंची आणि पाणी या दोनच गोष्टी लागतात, आणि इथे दोन्ही शेजारी शेजारी सापडल्या.

ही जागा सरकारच्या आधी उद्योजकांच्या नजरेत भरली होती. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथे टाटांनी १९१५ ते १९२७ या काळात हाच प्रयोग केला होता. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, नळांतून कोकणात उतरवायचे आणि पायथ्याला वीज करून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची. कोयनेचीही प्राथमिक पाहणी टाटा समूहाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केली होती, पण आर्थिक मंदीच्या फेऱ्यात ती योजना बाजूला पडली. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मुंबई राज्याने ती हाती घेतली. १९५१ मध्ये पाहणीला नव्याने सुरुवात झाली, १९५३ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९५४ च्या आरंभी काम सुरू झाले. प्रकल्प मुंबई राज्याने सुरू केला. त्यातून वीज वाहू लागली तोवर १ मे १९६० उलटून गेला होता आणि राज्य महाराष्ट्राचे झाले होते.

कामाची जागा अवघड होती. दक्षिण कोकणात त्या काळी रेल्वे नव्हती. धरणाला सर्वांत जवळचे स्थानक कऱ्हाड, तेही पुणे-मिरज या मीटरगेज मार्गावरचे. धरण घाटमाथ्यावर आणि वीजगृह पोफळीला, घाटाखाली. दोहोंमध्ये कुंभार्ली घाटाची वळणे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नदीपात्रातले काम जवळपास अशक्य, म्हणून जे काही उभारायचे ते पाऊस थांबल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत.

धरण रबल काँक्रीटचे आहे. नुसते काँक्रीट ओतण्याऐवजी त्यात मोठाले दगड बसवायचे, ही त्यामागची कल्पना. दगड कातळाचा, ताज्या फोडीचा हवा. तो धुऊन मातीचा कण राहू द्यायचा नाही, कारण मातीचा पातळ थरही काँक्रीटला दगडाशी नीट धरू देत नाही. दगडांमधल्या फटींत काँक्रीट पोकळी न राहता बसले पाहिजे, नाहीतर पाणी तिथूनच वाट काढते. काळ्या पाषाणाला सह्याद्रीत तोटा नव्हता, सिमेंट मात्र त्या काळी मोजूनमापून वापरायची वस्तू होती. या हिशेबात दगड जिंकला. पाया धरून १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०८ मीटर लांब अशी भिंत या पद्धतीने उभी राहिली. ती अखंड नाही, तर एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या स्वतंत्र ठोकळ्यांची आहे. मधल्या भागात सांडवा आणि त्यावर सहा वक्र दरवाजे. १९६३ पर्यंत धरण पूर्ण झाले. मागे साठलेल्या शिवाजीसागराची क्षमता ९८.७८ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. पुढे दरवाजांची उंची वाढवून ती १०५ टीएमसीच्या वर नेण्यात आली.

भिंतीच्या आकारात एक विचित्रपणा आहे. गुरुत्व धरणाची, म्हणजे स्वतःच्या वजनावर पाणी अडवणाऱ्या धरणाची, पाण्याविरुद्धची बाजू माथ्यापासून पायापर्यंत साधारण एकसारख्या उताराने रुंदावत जाते. कोयनेच्या सांडव्याबाहेरच्या भागात मात्र माथ्याखाली सुमारे ३६ मीटरपर्यंत भिंत जवळजवळ उभी आहे आणि तिथे उतार एकदम बदलतो. धरण आधी टप्प्याटप्प्याने उंच करायचे ठरले होते. काम चालू असताना ते एकदमच पूर्ण उंचीला न्यायचा निर्णय झाला आणि आधीच्या आराखड्यावर वरचा भाग चढवला गेला. त्यातून हा खांदा तयार झाला. तेव्हा तो कागदावरच्या तडजोडीपेक्षा फार मोठा वाटण्याचे कारण नव्हते.

धरणाचे काम सर्वांना दिसत होते. डोंगराच्या पोटातले दिसत नव्हते, आणि खरे तर तेच जास्त जोखमीचे होते. जलाशयातून नवजाच्या बाजूने ६.४ मीटर व्यासाचा, पावणेचार किलोमीटर लांबीचा बोगदा पश्चिमेकडे खणला गेला. त्याच्या शेवटी उल्लोळ विहीर आहे. वीजगृहातली यंत्रे अचानक बंद केली की बोगद्यातून वेगाने येणाऱ्या पाण्याचा लोंढा अडतो आणि त्याचा दणका नळांना फोडू शकतो. विहिरीत ते पाणी वर चढते आणि दणका तिथेच जिरतो. पुढे पोलादी अस्तराच्या तिरप्या दाबविहिरी पाणी खाली नेतात. तळाशी आहे पोफळीचे भुयारी वीजगृह. देशातल्या अगदी पहिल्या भुयारी वीजगृहांपैकी ते एक. बेसाल्टच्या थरात प्रचंड दालन कोरून त्यात आठ संच बसवण्यात आले. पहिल्या टप्प्याचे चार १९६२-६३ मध्ये सुरू झाले आणि दुसऱ्या टप्प्याचे चार १९६६-६७ पर्यंत. एवढ्या उंचीला पेल्टन जातीचे चक्र योग्य ठरते. त्यात पाण्याची बारीक, अतिवेगवान धार चाकाच्या कडेवरच्या वाट्यांवर आदळते आणि चाक फिरते. या दोन टप्प्यांची मिळून क्षमता आज ६०० मेगावॅट मोजली जाते. वीज २२० किलोव्होल्टच्या वाहिन्यांनी मुंबईकडे गेली. दुसऱ्या बाजूला सुमारे शंभर गावे या जलाशयाने बाधित झाली. त्यांतली माणसे सातारा, सांगली, सोलापूरपासून रत्नागिरी, रायगड आणि ठाण्यापर्यंत विखुरली. पर्यायी जमिनीचा प्रश्न पहिले जनित्र फिरून पन्नास वर्षे उलटली तरी मिटला नाही. २०१८ मध्ये प्रकल्पग्रस्तांनी धरणाजवळच्या कोयनानगरला पुन्हा ठिय्या दिला. प्रकल्पाच्या बांधकामाचे वेळापत्रक जितके काटेकोर होते, तितके पुनर्वसनाचे कधीच नव्हते.

जलाशय भरू लागल्यावर १९६२-६३ पासून परिसरात लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर, असा तेव्हाचा समज होता. तरीही संकल्पनात धरणावर गुरुत्वत्वरणाच्या पाच टक्के इतका आडवा धक्का गृहीत धरलेला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. माणसे झोपेत होती, घरे दगडमातीची होती. कोयनानगर जवळजवळ जमीनदोस्त झाले, १८० च्या आसपास माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाली. मुंबई-पुण्याची वीज गेली आणि कारखाने थांबले. धरणात बसवलेल्या यंत्राने गृहीत धरलेल्या धक्क्याच्या जवळजवळ दहापट त्वरण नोंदवले.

जलाशय त्या वेळी जवळपास भरलेला होता. धरण फुटले नाही. पण सांडव्याबाहेरच्या अनेक ठोकळ्यांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या, आणि त्या पडल्या नेमक्या त्या खांद्याच्या पातळीला. बांधकामाच्या मध्यात बदललेल्या आराखड्याची किंमत तिथे दिसली. सांडव्याच्या भागाला तसा खांदा नव्हता आणि तिथे अशी इजा झाली नाही. आधी भेगा बुजवून, पूर्वताणित तारांनी वरचा भाग खालच्याशी आवळण्यात आला. मग सांडव्याबाहेरच्या भागाला पाण्याविरुद्धच्या बाजूने काँक्रीटची जाड पाठराखण देण्यात आली. ते काम १९७३ पर्यंत चालले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण बरेच उशिरा, २००६ पर्यंत झाले. कोयनेचा तो उभा छेद आणि तिथली भूकंपाची नोंद जगभरच्या धरण अभियंत्यांच्या अभ्यासात आजही ठरलेले उदाहरण म्हणून वापरली जाते. जलाशयामुळे भूकंप होतात का, या प्रश्नाच्या चर्चेतही कोयनेचे नाव सर्वांत आधी येते. पोफळीच्या भुयारी वीजगृहाला मात्र फार मोठी इजा झाली नव्हती. खडकाच्या आत बांधण्याचा निर्णय या परीक्षेत टिकला.

भूकंपानंतरच्या काही वर्षांतच प्रकल्पाला दुसरी मर्यादा पडली. कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याची कमाल ठरवून दिली : वर्षाला ६७.५ टीएमसी. हिशेब १ जूनपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मेपर्यंतचा. पुढचे सगळे बांधकाम या आकड्याच्या आत बसवायचे होते. पाणी वाढणार नव्हते. त्यामुळे त्यातून जास्त काय काढता येईल, एवढाच प्रश्न उरला. तिसरा आणि चौथा टप्पा ही त्याची दोन वेगळी उत्तरे आहेत.

तिसऱ्या टप्प्याचे उत्तर सोपे होते : तेच पाणी दुसऱ्यांदा वापरा. पोफळीतून बाहेर पडणारे अवजल समुद्रसपाटीपासून अजून बरेच वर होते. ते कोळकेवाडी येथे ६३ मीटर उंचीचे धरण बांधून अडवण्यात आले आणि तिथून अलोरे येथील वीजगृहात सोडण्यात आले. इथे उंची शंभर मीटरच्या थोडी वर, म्हणून पेल्टनऐवजी फ्रान्सिस जातीची चक्रे. ८० मेगावॅटचे चार संच १९७५ ते १९७८ या काळात सुरू झाले. या टप्प्यासाठी शिवाजीसागरातून एक थेंबही जास्तीचा लागला नाही. पाणी पुढे वाशिष्ठीत जाते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला मिळते. त्या अवजलाचे काय करायचे, यावर कोकण आणि मुंबई अशा दोन्ही बाजूंनी अनेक योजना मांडल्या गेल्या. पाणी मात्र अजून बहुतांशी समुद्रातच जाते. धरणाच्या पायथ्याशी, पूर्वेकडे सिंचनासाठी सोडायच्या पाण्यावर चालणारे २० मेगावॅटचे दोन संचही १९८० च्या सुमारास बसले.

चौथ्या टप्प्याचे उत्तर वेगळ्या विचारातून आले. तोवर राज्यात औष्णिक वीज बरीच वाढली होती. औष्णिक संच चोवीस तास एकसारखे चालवणे सोयीचे, पण संध्याकाळी मागणी एकदम उसळते तेव्हा ते चटकन वाढवता येत नाहीत. जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भाराला येतो. म्हणून ठरलेले पाणी दिवसभर थोडेथोडे सोडण्याऐवजी मागणीच्या मोजक्या तासांत मोठ्या संचांतून एकदम सोडायचे ठरले. त्यासाठी २५० मेगावॅटचे चार फ्रान्सिस संच, नवे भुयारी वीजगृह आणि साडेनऊ मीटर व्यासाचा, चार किलोमीटरहून अधिक लांबीचा नवा बोगदा. एकट्या या टप्प्याची क्षमता आधीच्या सगळ्यांच्या बेरजेहून जास्त, आणि पाणी तेवढेच.

अडचण होती ती बोगद्याच्या तोंडाची. त्याला पाणी मिळायचे ते भरलेल्या जलाशयातून, पृष्ठभागाच्या बऱ्याच खालून. जलाशय रिकामा करायचा तर पोफळी आणि अलोरे दोन्ही बंद. उत्तर नॉर्वेतून आले. तिथल्या तळ्यांवर असे काम पूर्वी अनेकदा झालेले होते. बोगदा डोंगराच्या आतून जलाशयाकडे खणत न्यायचा आणि पाण्यापासून काही मीटर अलीकडे थांबायचे. मध्ये उरलेला खडक म्हणजे बाटलीचे बूच. त्याच्या आतल्या बाजूला जमिनीत मोठा खड्डा करून ठेवायचा, म्हणजे फुटलेला खडक त्यात पडेल आणि पुढे चक्रांपर्यंत वाहत जाणार नाही. बोगद्यात आधी ठरावीक पातळीपर्यंत पाणी भरायचे. पाणी आणि बूच यांच्यामध्ये कोंडलेली हवा स्फोटाचा आणि आत घुसणाऱ्या लोंढ्याचा धक्का गादीसारखा झेलते. आतले पाणी कमी भरले तर लोंढा दरवाजांवर आदळणार, जास्त भरले तर हवेला जागा उरणार नाही. बुचात छिद्रे पाडताना पाणी झिरपू लागले तर ते सिमेंट दाबून बंद करायचे, आणि मग सुरुंग क्षणांशाच्या अंतराने उडवायचे. दुसरी संधी नसते, कारण अर्धवट फुटलेले बूच पाण्याखाली जाते. १३ मार्च १९९९ रोजी कोयनेत अशी दोन तोंडे एकाच वेळी उघडण्यात आली. आशियातले हे पहिले लेक टॅपिंग. १९९९ आणि २००० मध्ये चारही संच सुरू झाले आणि कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट झाली.

१९९९ च्या तोंडांच्या पातळीखालचे पाणी चौथ्या टप्प्याला मिळत नव्हते. उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की, मागणी सर्वाधिक असतानाच, मोठे संच थांबवावे लागले असते. म्हणून आणखी खोलवर नवे तोंड करण्यात आले आणि २५ एप्रिल २०१२ रोजी दुसरे लेक टॅपिंग झाले. क्षमतेत त्याने एका मेगावॅटची भर पडली नाही. संच वर्षातले जास्त दिवस चालू ठेवता यावेत, एवढाच हेतू होता.

पूर्वेकडे सोडायच्या पाण्यावर, धरणाच्या डाव्या तीराला, प्रत्येकी ४० मेगावॅटचे दोन संच बसवण्याची योजनाही आखली गेली. तिचे काम सुरू होऊन अर्ध्यावर थांबले आणि वर्षानुवर्षे रखडले. अलीकडे राज्य सरकारने वाढलेल्या खर्चाला सुधारित मान्यता दिली आहे.