पडद्याची चौकट : ४:३ पासून १६:९ पर्यंत

आज बहुतेक घरांत असलेल्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याची रुंदी आणि उंची मोजली, तर त्यांचे गुणोत्तर १६:९ येते. वीस-तीस वर्षांपूर्वी घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेली लग्ने, बारशी, शाळांची स्नेहसंमेलने मात्र सहसा ४:३ या चौकटीत आहेत. या जुन्या कॅसेट आता खराब होऊ लागल्या आहेत आणि त्यांवरची चित्रे संगणकात उतरवून घेतली जात आहेत. तेव्हा हमखास मागणी होते, ‘चित्र पडदाभर दिसू द्या.’ ही मागणी मान्य केल्यास काय होते हे समजण्यासाठी दोन्ही चौकटी कशा आल्या ते पाहू.

४:३ ही चौकट दूरचित्रवाणीहून कितीतरी जुनी आहे. १८९० च्या सुमारास अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन चलत्-चित्रांवर काम करीत होता. ईस्टमन कंपनीची ७० मि.मी. रुंदीची फिल्म मधोमध कापून त्याने ३५ मि.मी. ची पट्टी केली. पट्टी सरकवण्यासाठी दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि दर चित्राला प्रत्येक बाजूची चार छिद्रे दिली. त्यामुळे चित्र १ इंच रुंद व पाऊण इंच उंच झाले, म्हणजेच ४:३. पुढे हीच पट्टी जगभर रूढ झाली. १९१३ सालचा दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही ३५ मि.मी. फिल्मवरच चित्रित झाला होता.

बोलपट आल्यावर ध्वनीच्या पट्टीने फिल्मवरची थोडी जागा घेतली. तरीही १९३२ साली हॉलिवुडने ठरवलेले प्रमाण १.३७:१ होते, जुन्या प्रमाणाच्या अगदी जवळचे. १९४१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीने ४:३ स्वीकारले. ब्रिटनमध्ये १९३६ पासून ५:४ हे प्रमाण होते; तेथेही १९५० मध्ये ४:३ आले.

मग प्रेक्षक घरी बसू लागला आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली. घरी मिळणार नाही असे काही देण्यासाठी चित्रपटाने पडदा रुंद केला. १९५२ मध्ये सिनेरामा आला, १९५३ मध्ये सिनेमास्कोप. सिनेमास्कोपचे भिंग आडव्या दिशेने चित्र निम्मे दाबून फिल्मवर उतरवी आणि प्रक्षेपकाचे भिंग ते पुन्हा पसरवी. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आता चित्रपट रुंद आणि घरचा पडदा अरुंद, अशी फारकत झाली.

१९८० नंतर उच्च दर्जाच्या दूरचित्रवाणीची तयारी सुरू झाली, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्याने या प्रश्नाकडे भूमितीतून पाहिले. त्याची युक्ती वर्गात करून पाहता येईल. एक कागद ८ × ६ सें.मी. कापा. हा झाला ४:३. दुसरा साधारण तेवढ्याच क्षेत्रफळाचा, पण १०.६ × ४.५ सें.मी. कापा. हा सुमारे २.३५:१, म्हणजे रुंद चित्रपटाचा. दोन्ही कागद मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवा. दोघांना सामावणारा आयत १०.६ × ६ चा आणि दोघांचा सामाईक भाग ८ × ४.५ चा. दोन्हींचे गुणोत्तर काढा. सुमारे १.७७ येते. १६ भागिले ९ म्हणजे १.७८. ही दोन टोकांमधली चौकट आहे. तिच्यात जुने चित्र बसवताना दोन्ही बाजूंना आणि रुंद चित्रपट बसवताना वर-खाली काळ्या पट्ट्या येणार, हे हिशेबात धरलेलेच होते.

आता आपल्या कॅसेटकडे वळू. ४:३ चे चित्र पूर्ण ठेवले, तर ते पडद्याची तीन चतुर्थांश रुंदी व्यापते. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर ते १४४० × १०८० जागेत बसते आणि प्रत्येक बाजूला २४० बिंदूंची काळी पट्टी राहते. पट्ट्या नको म्हणून चित्र आडवे ताणले, तर रुंदी एक-तृतीयांशाने वाढते. चेंडू अंडाकृती होतो आणि माणसे स्थूल दिसतात. ताण न देता पडदा भरायचा, तर उंचीचा चौथा भाग कापावा लागतो. आपल्याकडे वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ रेषा असतात. त्यांतल्या ४३२ उरतात आणि १४४ जातात. त्या रेषांमध्ये मागच्या रांगेतल्या मुलांचे चेहरे असू शकतात, किंवा नाचणाऱ्या मुलींची पावले.

ताणलेले चित्र पुन्हा दाबून मूळ आकारात आणता येते. कापलेले चित्र परत मिळत नाही, आणि कॅसेट टाकून दिली असेल तर कायमचेच गेले. म्हणून मूळ प्रत ४:३ मध्ये, न कापता उतरवून घ्यावी. पडदाभर चित्र हवेच असेल, तर त्याची वेगळी प्रत करावी.

आता मुलांसाठी एक गणित. मोबाइल उभा धरून काढलेल्या चित्रणाची चौकट ९:१६ असते. ते न कापता, न ताणता १६:९ च्या पडद्यावर दाखवले, तर पडद्याच्या क्षेत्रफळाचा किती भाग व्यापेल? उत्तर एक-तृतीयांशापेक्षाही थोडे कमी येते. ते नेमके किती, हे मुलांनाच काढू द्या.