शेवटून चालणारा

परवा नातवाचा फोन आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा कॉलेजच्या ट्रेकिंग क्लबचा म्होरक्या झालाय. "आबा, पावसाळ्यात ४० जणांना राजमाचीला नेतोय. तुम्ही शाळेच्या इतक्या सहली काढल्यात, काहीतरी सांगा ना!" मी म्हटलं, "फोनवर नको, लिहूनच काढतो." लिहायला बसलो आणि सवयीप्रमाणे गाडी इतिहासाच्या रुळावर गेली. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या मास्तरचं हे असंच होतं. तेव्हा मंडळी, त्याच्यासोबत तुम्हीही वाचा.

गोष्ट जर्मनीतली आहे. १८९६ च्या सुमारास बर्लिनजवळच्या स्टेग्लित्स इथल्या एका शाळेत काही मुलं लघुलेखन शिकायला जमत. हर्मान हॉफमान नावाचा तरुण विद्यार्थी त्यांना शिकवी. शिकवता शिकवता तो त्यांना रानावनात पायी भटकायला नेऊ लागला. लघुलेखन बाजूला राहिलं, भटकंती वाढत गेली. १९०१ साली यातूनच 'वांडरफोगेल' ही संस्था निघाली. नावाचा अर्थ 'भटका पक्षी'. पाठीला पिशवी, हातात गिटार, रात्री शेकोटी. आजच्या कॉलेजांतल्या क्लबांचे हे पणजोबाच म्हणा ना!

पण माझा जीव जडला तो रिचर्ड शिरमानवर, कारण तो माझ्यासारखाच शाळामास्तर. आल्टेना नावाच्या गावात शिकवायचा. चार भिंतींत मुलं कोमेजतात, असं त्याचं मत. ऑगस्ट १९०९ मध्ये तो वर्गातल्या मुलांना घेऊन आल्टेनाहून आखेनला पायी निघाला. वाटेत ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळाने गाठलं. विजा, मुसळधार पाऊस, सोबत भिजलेली पोरं आणि डोक्यावर छप्पर नाही. अखेर एका खेड्यातली शाळा उघडून मिळाली. सुट्टीमुळे ती रिकामीच होती. कुणी शेतकऱ्याने अंथरायला पेंढा दिला. मुलं झोपली. मास्तर मात्र जागा होता.

त्या जागरणात त्याला एक विचार सुचला. गावोगाव शाळा आहेत आणि सुट्टीत त्या ओस पडतात. मग एका दिवसाच्या चालीवर एकेक शाळा भटक्या मुलांसाठी उघडी का ठेवू नये? साधीच गोष्ट, पण तोवर कुणी केली नव्हती. परत आल्यावर त्याने आपल्याच शाळेपासून सुरुवात केली. बाकं बाजूला सारायची आणि पेंढ्याच्या गाद्या टाकायच्या. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं वसतिगृह झालं. एकावर एक अशा लाकडी खाटांच्या त्या खोल्या आज तिथे संग्रहालय म्हणून जपल्या आहेत. जगभरच्या 'यूथ हॉस्टेल' चळवळीचं मूळ ते हेच. आपल्यातल्या कितीतरी जणांनी हिमालय पहिल्यांदा पाहिला तो यूथ हॉस्टेलच्या कॅम्पातून. त्या तंबूचा एक खुंटा असा १९०९ च्या पावसात रोवलेला आहे, बरं का!

इथवर गोष्ट गोड आहे. पुढची कडू आहे, पण सांगायला हवी. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. स्वतंत्र भटक्या मंडळांवर गदा आली आणि वसतिगृहं 'हिटलर युथ'च्या हाती गेली. शिरमान तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष होता. १९३६ मध्ये त्याला तेही पद सोडावं लागलं. आता गंमत पाहा. पिशव्या त्याच, शेकोटी तीच, डोंगरही तेच. बदललं काय? पूर्वी पोरं भटकत होती, आता कूच करायला शिकत होती. जो मागे राहिला त्याच्यासाठी थांबणं संपलं आणि रांग महत्त्वाची झाली.

मी हे वाचलं ते नोकरीच्या उत्तरार्धात, आणि वाचताना मला माझी शिट्टी आठवली.

१९८३ चा जुलै. मी तेव्हा तिशीतला, नव्या उत्साहाचा. नववीची ३२ मुलं, सोबत एक सहकारी शिक्षक. लोकलने लोणावळा आणि तिथून तुंगार्ली मार्गे राजमाचीला पायी. उधेवाडीपर्यंत १५-१६ किलोमीटरची चाल, चढ फारसा नाही. मला माझ्या रांगेचा मोठा अभिमान होता. दोघादोघांच्या जोड्या, शिट्टीवर थांबायचं, शिट्टीवर निघायचं. मी सगळ्यात पुढे, खड्या आवाजात समरगीत म्हणत. सहकारी मध्ये. दुपारनंतर धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. मी गाणं आणखी मोठ्याने म्हणू लागलो.

उधेवाडीत एका घराच्या पडवीत पोहोचलो तेव्हा अंधारत होतं. मुलं मोजली. ३१. पुन्हा मोजली. ३१. त्या आकड्याने पोटात जो खड्डा पडला तो आजही भरलेला नाही. सहकाऱ्याला मुलांजवळ ठेवून, कंदील आणि गावातली दोन माणसं घेऊन मी उलट निघालो. शिट्टी फुंकत होतो, पण पावसाच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार? तासाभराने समोरून एक गावकरी येताना दिसला. डोक्यावर इरलं, आणि त्या इरल्याखाली आमचा पोरगा. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो खाली बसला होता, एवढंच. उठून बघतो तर रांग गायब. त्याने हाका मारल्या होत्या. "सर, तुम्ही गाणं म्हणत होता ना, म्हणून ऐकू गेलं नसेल," तो म्हणाला. माझाच दोष तो पोर पोटात घालत होता!

त्या रात्री मुलं झोपली आणि मी जागा राहिलो. मात्र शिरमानला जागरणात कल्पना सुचली होती, मला शरम वाटत होती.

त्यानंतर २५ वर्षं सहली काढल्या, पण पुढे कधी चाललो नाही. वाट माहीत असलेला मुलगा पुढे, सर्वांत हळू चालणारा त्याच्या पाठोपाठ, आणि मी सगळ्यात शेवटी. शेवटून चाललं की मुलं दिसतात. कोण लंगडतोय, कोणाची पिशवी जड झालीय, कोण गप्प झालाय. पुढे चाललं की फक्त वाट दिसते.

तर बाळा, आता तुझं. जाण्याआधी एकदा स्वतः वाट चालून ये. मुक्कामाचं छप्पर आधी ठरव, आणि ते मिळालं नाही तर दुसरं कोणतं, हेही. परत फिरायची वेळ घरीच ठरव, कारण डोंगरावर ठरवायला गेलं की मोह होतो. प्रत्येक थांब्यावर मोज, आणि पाणी दिसलं की दोनदा मोज. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेली पुण्याची १४ कॉलेजची मुलं बुडाली. ती बातमी वाचताना मला माझा ३१ चा आकडा आठवला होता. माझा पुन्हा ३२ झाला तो इरलं पांघरलेल्या एका माणसामुळे. माझ्या नियोजनामुळे नव्हे.

असो. शिट्टी अजून कपाटात आहे, येऊन घेऊन जा. पण ती स्वतःच्या गळ्यात घालून पुढे चालू नकोस. शेवटून चाल. आणि खाली उतरलात की मला फोन कर. फोटो नंतर पाठव, आधी आकडा सांग.