बर्नर कोणाचा?

परभणी जिल्ह्यातील अनेक खेड्यांतल्या शाळांत नळाने येणारा गॅस नसतो. विज्ञानाच्या तासाला स्पिरिटचा दिवा पेटतो आणि बुन्सेन बर्नर पुस्तकातल्या चित्रात राहतो. तो बुन्सेन यांनी शोधला, असे आपण शिकवतो. एखादी विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, तो तर देसागांनी केला," तर काय उत्तर द्यावे?

तिचे म्हणणे निराधार नाही. रॉबर्ट बुन्सेन हे जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १८५४ मध्ये नवी प्रयोगशाळा बांधली जात असताना त्यांना काजळी न धरणारी, उष्ण ज्योत हवी होती. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळावी, ही कल्पना त्यांनी विद्यापीठाचे यंत्रकारागीर पेटर देसागा यांना सांगितली. नळीच्या तळाशी हवेची छिद्रे कमीजास्त करण्याची सोय देसागांनी केली. त्याआधी मायकेल फॅरडे यांनीही याच तत्त्वावरचा बर्नर केला होता. बुन्सेन आणि हेन्री रॉस्को यांनी १८५७ मध्ये नव्या बर्नरचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बुन्सेन यांचे नाव रूढ झाले.

या ज्योतीला स्वतःचा रंग जवळजवळ नव्हता, म्हणून तिच्यात धरलेल्या क्षारांचे रंग स्पष्ट दिसत. एकमेकांत मिसळलेले रंग ओळखण्यासाठी बुन्सेन रंगीत काचांतून पाहत. त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेले भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ किर्चहॉफ यांनी सुचवले, की हा प्रकाश लोलकातून पाहावा. बुन्सेन यांनी ते मानले. दोघांनी मिळून १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम शोधले.

बुन्सेन यांचा अधिकार यामुळे कमी झाला नाही. धातूकाम देसागांना अधिक कळत होते, प्रकाश किर्चहॉफना. मात्र प्रत्येक मत सारख्याच मोलाचे असते, असा याचा अर्थ नव्हे. किर्चहॉफ यांनी नुसती हरकत घेतली नाही. पडताळून पाहता येईल अशी रीत दिली.

आज माती परीक्षणात पालाश मोजणारा फ्लेम फोटोमीटर याच वाटेने आला आहे. ज्योतीत फवारलेल्या द्रावणातून निघणारा पोटॅशियमचा प्रकाश तो मोजतो.

म्हणून त्या विद्यार्थिनीला गप्प बसवू नये. "कशावरून म्हणतेस?" असे विचारावे. आणि तिने हाच प्रश्न आपल्याला विचारला, तर "पुस्तकात दिले आहे" एवढ्यावर थांबू नये.