वेंगुर्ल्याचा पडाव : घाटमाथ्याच्या प्रवाशांचा बोटीवरील शेवटचा दिवस

बेळगाव शहराच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कडेला वसलेल्या बेळगुंदीसारख्या गावांचे समुद्राशी काही नाते असेल असे नकाशा पाहून सहसा वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ या घाटमाथ्याचे बंदर वेंगुर्ले हेच होते, आणि मुंबईहून परतणाऱ्या माणसाच्या सागरी प्रवासाचा शेवटचा दिवस तेथेच उजाडत असे. डचांनी १६३७ मध्ये वखार, म्हणजे मालाचे कोठार आणि व्यापाराची कचेरी, उघडलेले हे गाव १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले. पुढे १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला त्यांच्या हाती आल्यावर तेथील छावणीची रसद याच बंदरातून रामघाटाने वर चढू लागली. ती चढण गाड्यांना आणि तोफांना फार जड पडे, म्हणून नंतर आंबोलीवरून गाडीरस्ता झाला. त्या सुमारे सव्वाशे किलोमीटरांच्या वाटेने कापूस व धान्य खाली उतरे, तर मीठ, नारळ आणि विलायती माल वर येई.

वाफेवर चालणाऱ्या जहाजाला कोकणात 'आगबोट' म्हणत, आणि पुढे नुसते 'बोट' एवढेच पुरेसे झाले. भाऊ रसूल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांच्या नावाचा मुंबईतील भाऊचा धक्का सोडून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत बोट दक्षिणेकडे जाई. विसाव्या शतकातील प्रवासात रात्र डेकवर, म्हणजे जहाजाच्या उघड्या तक्त्यावर, पथारी पसरून काढावी लागे, आणि ज्याला 'बोट लागे', म्हणजे हेलकाव्यांनी मळमळून उलट्या होत, त्याला ती फार लांबल्यासारखी वाटे. निवतीसमोरच्या खडकांवरील दीपस्तंभाचा उजेड दिसू लागला की वेंगुर्ल्याला उतरणाऱ्यांची वळकट्या बांधण्याची लगबग सुरू होई. तथापि प्रवासाचा खरा कस यापुढेच लागे. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असल्याने बोट धक्क्याला न लागता दूर नांगर टाकी, आणि माणसे, ट्रंका व टोपल्या पडावात, म्हणजे किनारा आणि बोट यांमध्ये ये-जा करणाऱ्या मोठ्या होडीत, उतरवल्या जात. लाटेबरोबर पडाव वर आला की त्याच क्षणी पाऊल टाकायचे असे, आणि म्हातारी माणसे व मुले खलाशांच्या हाती सोपवली जात. या खलाशांच्या कौशल्याची नोंद इतिहासात फारशी झालेली नाही, ही खेदाची बाब होय.

हा दिवस वर्षभर लाभत नसे. मे महिन्याच्या अखेरीस बंदरे बंद होत आणि पाऊस ओसरेपर्यंत बोटी थांबत, त्यामुळे 'शेवटची बोट' या शब्दांना त्या हंगामाच्या अखेरच्या फेरीचा विशेष अर्थ होता. मात्र खुल्या हंगामातही निर्धास्त राहता येत नसे. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी बुडाल्या. मुंबईजवळच्या छोट्या फेऱ्या तर पावसाळ्यातही चालत; १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही बोट भाऊच्या धक्क्यावरून जवळच्या रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. या बोटी ज्या स्वदेशी सहकारी कंपनीच्या होत्या, तिला प्रवासी आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत; या दुर्घटनांची हळहळ घराघरांत इतकी खोल का उतरली, हे त्या नावावरून समजते.

बेळगावला १८८७ मध्ये रेल्वे आली आणि गोव्यातील मुरगाव बंदरही रुळांनी जोडले गेले, तेव्हा घाटमाथ्याचा व्यापार वेंगुर्ल्याकडून झपाट्याने सरकला. रेल्वेने वेळ आणि हाल दोन्ही वाचवले, हे निर्विवाद आहे; पण तिने बेळगावकडच्या माणसाची किनाऱ्याशी असलेली रोजची ओळखही तोडली, आणि पुढल्या पिढ्यांना वेंगुर्ले हे पाहुण्यांचे गाव तेवढे उरले. कोकणवासीयांसाठी मात्र 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' यांसारख्या बोटी आणखी अनेक दशके चालल्या. २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही आरामदायी पर्यटक नौका मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये सुरू झाली तेव्हा तीत शयनकक्ष होते, उपाहारगृहे होती, आणि वेंगुर्ले हे थांब्याचे बंदर नव्हते.