काचेच्या खोलीतला घाम

आमच्या बेळगावच्या महिला मंडळाची प्रश्नमंजूषा तीन वर्षांपूर्वी बंद पडली. कारण तसं क्षुल्लकच. अंतिम फेरीत एका सुनेनं दोन प्रश्नांची उत्तरं, प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आतच देऊन टाकली. मागाहून कळलं की प्रश्न काढणाऱ्या वहिनींनी आपली वही तिच्या सासूकडं "जरा शुद्धलेखन बघा" म्हणून पाठवली होती. बक्षीस काय, तर स्टीलचा पाच किलोचा डबा! पण त्या डब्यापायी चौघीजणी मंडळात यायच्या बंद झाल्या. क्षमावाणीला सगळ्याजणी एकमेकींना 'उत्तम क्षमा' म्हणाल्या, ते मनापासूनच म्हणाल्या असतील. प्रश्नमंजूषेचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

यंदा ते निघालं. पुन्हा सुरू करूया, असं ठरलं. आणि लगेच पुढचा पेच आला, प्रश्न काढायला त्याच वहिनींना सांगायचं का? कारण खरं बोलायचं तर त्यांच्यासारखे प्रश्न दुसऱ्या कुणाला काढता येत नाहीत. सभेत मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र अमेरिकेतलं एक जुनं प्रकरण डोक्यात घोळायला लागलं. त्याबद्दल मी आधीही बरंच वाचलं होतं. बी.ए.ला इतिहास घेतला तो काही वाया गेला नाही, असं मला अशा वेळी वाटतं.

१९५५ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर 'सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' हा कार्यक्रम सुरू झाला. गंमत म्हणजे तोसुद्धा नवा नव्हताच. रेडिओवर १९४० पासून 'टेक इट ऑर लीव्ह इट' नावाचा कार्यक्रम चालायचा, त्यात शेवटच्या प्रश्नाला बक्षीस होतं चौसष्ट डॉलर. लुई कोवान नावाच्या निर्मात्यानं तोच जुना खेळ उचलला आणि बक्षिसापुढं तीन शून्यं लावली. जुनं लुगडं रंगवून नवं केल्यासारखं. देश वेडा झाला. पैसे पुरवत होती रेव्हलॉन, म्हणजे लिपस्टिकवाली कंपनी. कार्यक्रम चालला तशा तिच्या लिपस्टिक दुकानांत शिल्लक राहिनात.

या कार्यक्रमात गेलेल्या एका बाईबद्दल सांगायलाच हवं. डॉक्टर जॉयस ब्रदर्स. मानसशास्त्रात पीएच.डी., पण घरी बसलेली, कारण मुलगी लहान. नवरा डॉक्टरकीच्या उमेदवारीत, पगार तुटपुंजा. तिला घरगुती विषयांवर प्रश्न चालले असते. निर्मात्यांना मात्र असलं काही नको होतं. त्यांना हवा होता विरोधाभास: सैनिक असावा आणि त्यानं स्वयंपाकावर बोलावं, चांभार असावा आणि त्यानं ऑपेरावर बोलावं. नाजूक गोऱ्या बाईनं मुष्टियुद्धावर बोललं तर? मग या बाईनं मुष्टियुद्धाचे ग्रंथच्या ग्रंथ पाठ केले. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सनावळी पाठ करायचो तसे, फक्त ही कित्येक आठवडे करत होती. पुढं उघड झालं ते असं, की कंपनीवाल्यांना ती पुढं जायला नको होती, म्हणून तिला मुद्दाम अवघड, आडवळणाचे प्रश्न काढले गेले. तिनं तेही सोडवले आणि चौसष्ट हजार डॉलर घेऊन घरी गेली. ते पूर्ण बक्षीस मिळवणारी ती एकमेव बाई. दोन-चार वर्षांनी चौकशीचं वादळ आलं तेव्हा भल्याभल्यांची नावं गेली, हिचं राहिलं. जिला पाडायला बघितलं तिलाच लबाडीची गरज लागली नव्हती!

खरं प्रकरण घडलं ते दुसऱ्या कार्यक्रमात. 'ट्वेंटी वन', एनबीसी वाहिनी, सप्टेंबर १९५६. पडद्यावर सूत्रसंचालक जॅक बॅरी, पडद्यामागं त्याचा भागीदार डॅन एनराइट. दोन स्पर्धक, दोघंही वेगवेगळ्या काचेच्या खोल्यांत बंद, कानावर हेडफोन, बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. पहिला भाग अगदी प्रामाणिकपणे झाला आणि अगदीच पडला, कारण स्पर्धकांना काही येईचना. "माहीत नाही, माहीत नाही" असं अर्धा तास कोण बघणार? पैसे देणारी टॉनिकची कंपनी खवळली. एनराइट पुढं सांगायचा की त्या दिवशीच ठरलं, हे असं चालायचं नाही.

मग काय काय केलं ते वाचून मला पहिल्यांदा हसू आलं. हर्बर्ट स्टेम्पल नावाचा एक तल्लख विद्यार्थी होता, सैन्यातून परत आलेला, बायकोमुलं असलेला. त्याला आधी उत्तरं सांगायची. त्याहून जास्त, कसं वागायचं ते सांगायचं. केस वेडेवाकडे कापून घे. अंगाला न बसणारा जुना सूट घाल. मनगटाला टिकटिक करणारं स्वस्तातलं घड्याळ बांध. काचेच्या खोलीतली गार हवा बंद करायची म्हणजे घाम फुटेल, आणि तो घाम पुसायचा नाही, रुमालानं नुसता टिपायचा. उत्तर येत असलं तरी आधी थांबायचं, ओठ चावायचे. आपल्याकडच्या मालिकेतली सून जशी रडते ना, तेवढं मोजूनमापून.

हसू आलं ते इथपर्यंतच. काही आठवड्यांनी स्टेम्पलचा लोकांना कंटाळा आला, तेव्हा चार्ल्स व्हॅन डोरेनला आणलं. कोलंबिया विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा, देखणा, नावाजलेल्या कवीचा मुलगा. स्टेम्पलला आता हरायचं होतं, आणि ते एका सोप्या प्रश्नावर. १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कुणाला मिळालं? उत्तर होतं 'मार्टी', आणि तो स्टेम्पलचा आवडता सिनेमा. त्याला बजावलं होतं, 'ऑन द वॉटरफ्रंट' म्हण. ५ डिसेंबर १९५६ च्या भागात त्यानं ते म्हटलं. सगळ्या देशासमोर, ओळखीपाळखीच्या लोकांसमोर, येत असलेलं उत्तर चुकवायचं! मुलीला बघायला येतात तेव्हा "हिला स्वयंपाक जेमतेमच येतो" असं घरच्यांनीच सांगितलं तर कसं वाटेल, तसं काहीसं ते असणार.

व्हॅन डोरेन मार्च १९५७ पर्यंत जिंकत राहिला. 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला, १ लाख २९ हजार डॉलर त्याच्या नावावर लागले, वाहिनीनं नोकरी दिली. त्याला हरवलं ते एका वकील बाईनं, व्हिव्हियन निअरिंगनं. आणि तीसुद्धा आधी पढवलेलीच निघाली.

स्टेम्पल सगळ्यांना सांगत सुटला. कोण ऐकणार? हरलेल्याचा जळफळाट म्हणून सोडून दिलं. १९५८ च्या उन्हाळ्यात मात्र 'डॉट्टो' नावाच्या भलत्याच कार्यक्रमात एका राखीव स्पर्धकाला दुसरीची वही सापडली, आणि वहीत उत्तरं! वहीच घात करते, बघा. ऑगस्टमध्ये तो कार्यक्रम रातोरात बंद झाला आणि स्टेम्पलचं म्हणणं लोक ऐकायला लागले. 'ट्वेंटी वन'मधल्या जेम्स स्नॉडग्रास नावाच्या एका चित्रकाराकडं तर पुरावाच होता. मिळालेली उत्तरं तो कार्यक्रमाच्या आधी कागदावर लिहायचा आणि रजिस्टर्ड पोस्टानं स्वतःलाच पाठवायचा. पाकीट आलं की न फोडता ठेवून द्यायचं. ती पाकिटं चौकशीत फोडली गेली.

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरीपुढं दीडशेच्या आसपास साक्षी झाल्या. त्यातले शंभरएक जण शपथेवर खोटं बोलले, असा तिथल्या सरकारी वकिलाचा अंदाज होता. २ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेननं संसदेच्या समितीपुढं सगळं कबूल केलं. विद्यापीठातली नोकरी गेली, टीव्हीवरची गेली. पुढं तो शिक्षा झालेल्यांत होता, निअरिंगबाईही होत्या. शिक्षा कशाची? शपथेवर खोटं बोलल्याची. कारण प्रेक्षकांना फसवून प्रश्नमंजूषा रंगवणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता. तसा कायदा झाला १९६० मध्ये. म्हणजे ज्यांनी उत्तरं घेतली ते कोर्टात उभे राहिले, आणि ज्यांनी उत्तरं पुरवली त्यांच्यावर कायद्याला बोट ठेवता आलं नाही. बॅरी आणि एनराइट यांना टीव्हीवाले दारात उभे करीनात, एवढंच. एनराइट कॅनडात जाऊन काम करत राहिला.

आता खेळ परत कसे आले ते बघू. पहिली वाट एका बाईनं काढली, आणि तीही बोलता बोलता.

मर्व्ह ग्रिफिन हा गायक आणि सूत्रसंचालक, बायको ज्युलॅन. विमानानं न्यूयॉर्कला परत येत होते. मर्व्हला प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करायचा होता, पण लफड्यानंतर वाहिन्या त्या प्रकाराला शिवायला तयार नव्हत्या. ज्युलॅन म्हणाली, मग स्पर्धकांना उत्तरंच देऊन टाक की! तो म्हणाला, म्हणजे तुरुंगात जायला. ती म्हणाली, "५,२८०." क्षणभर थांबून त्यानं विचारलं, "एका मैलात किती फूट असतात?" झालं. उत्तर समोर लावायचं आणि प्रश्न स्पर्धकानं सांगायचा. ज्या गोष्टीची चोरी झाली होती तीच तिनं चव्हाट्यावर मांडली. चोरायला काही उरलंच नाही! घरात डब्याचं कुलूप मोडलं तर आपण डबाच टेबलावर ठेवतो, तसलं हे शहाणपण. ३० मार्च १९६४ ला एनबीसीवर 'जेपर्डी' सुरू झालं. ही कल्पना बायकोची, हे मर्व्हनं कधी लपवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण निर्माता म्हणून नाव झालं ते त्याचं. 'जेपर्डी' १९७५ मध्ये बंद पडलं, १९७८ मध्ये पुन्हा आलं आणि पाच-सहा महिन्यांत गेलं, १९८४ मध्ये तिसऱ्यांदा आलं ते अजून चालू आहे. १९८६ मध्ये मर्व्हनं आपली कंपनी कोका-कोलाला २५ कोटी डॉलरला विकली, तेव्हा दोघांचा घटस्फोट होऊन दहा वर्षं झाली होती.

दुसरी वाट म्हणजे नुसतं थांबणं. ४ सप्टेंबर १९७२. सीबीएसनं त्या एका सकाळी घरी असणाऱ्या बायकांसाठी तीन खेळ एकदम सुरू केले. त्यातला एक 'द प्राइस इज राइट', मार्क गुडसनच्या कंपनीचा, १९५६ ते १९६५ चाललेला आणि आता नव्यानं आणलेला. वस्तूची किंमत ओळखायची, खऱ्या किमतीच्या वर न जाता जवळात जवळ. या खेळात कुणी कुणाला काय पढवणार? साबण केवढ्याला, डबाबंद सूप केवढ्याला, हे बाईला बाजारहाट करून माहीत असतं. तो खेळ आजही चालू आहे, यात मला नवल वाटत नाही.

त्याच दिवशी सुरू झालेला दुसरा खेळ होता 'द जोकर्स वाइल्ड'. जुगाराच्या यंत्रासारखी तीन चाकं फिरायची आणि सूत्रसंचालक हसतमुखानं प्रश्न विचारायचा. सूत्रसंचालक आणि निर्माता, जॅक बॅरी! तेरा-चौदा वर्षं गेली होती. पुढं एनराइटही त्याला येऊन मिळाला, आणि १९७८ मध्ये दोघांनी आपला जुना 'टिक टॅक डो', म्हणजे आपली फुली-गोळा, पुन्हा उभा केला. आणि हा 'टिक टॅक डो' म्हणजे पन्नासच्या दशकात त्याच चौकशीत सापडलेला कार्यक्रम बरं का! नव्यात कुणी लबाडी काढली नाही. १९८६ पर्यंत तो नीट चालला. लोकांनी त्यांना माफ केलं का विसरले, ते मला ठरवता आलेलं नाही. सकाळी भांडी घासता घासता टीव्ही बघणाऱ्या बाईला निर्मात्याचं नाव वाचायला वेळ कुठला? ते शेवटी येतं, आणि भरभर जातं.

स्टेम्पलनं पुढं न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक खात्यात नोकरी केली. व्हॅन डोरेननं 'ब्रिटानिका' विश्वकोशात काम केलं, टीव्हीवर परत आला नाही.

'ट्वेंटी वन'सुद्धा परत आलं, जानेवारी २००० मध्ये, काचेच्या खोल्यांसकट. तेव्हा इंग्लंडहून आलेल्या करोडपतीच्या खेळाची अमेरिकेत लाट होती. काही महिन्यांतच ते संपलं. त्याच वर्षी ३ जुलैला आपल्याकडं 'कौन बनेगा करोडपती' आलं. सिद्धार्थ बसू पडद्यामागं, बच्चनसाहेब पुढं, आणि आमच्या गल्लीत रात्री नऊ वाजता रस्ता ओस. तेही थांबलं, २००५ मध्ये दुप्पट बक्षीस घेऊन आलं, २००७ मध्ये शाहरुखबरोबर आलं, २०१० मध्ये दुसऱ्या वाहिनीवर बच्चनसाहेबांना घेऊन आलं आणि रुजलं. मराठीतही सचिन खेडेकर, नंतर नागराज मंजुळे यांच्यासमोर बसून आपली माणसं खेळली. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे हिंदीत एक कोटी जिंकल्या. त्यांचा महिन्याचा मोबदला होता दीड हजार रुपये. त्या रात्री माझ्या सासूबाई, ज्यांना हा खेळ म्हणजे जुगार वाटायचा, टीव्हीसमोरून उठल्या नाहीत.

पुढच्या सभेत मी बोलले. प्रश्न वहिनींनीच काढावेत म्हटलं. मात्र काढले की पाकिटात घालायचे, पाकीट त्यांच्यादेखत चिकटवायचं, आणि मी ते रजिस्टर्ड पोस्टानं माझ्याच पत्त्यावर पाठवणार. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांसमोर फोडायचं. थोडा वेळ कुणी बोलेना. मग वहिनीच म्हणाल्या, "डिंक मी लावते, तुझा निघतो."

पोस्टातल्या खिडकीवरच्या पोरानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "मावशी, पाठवणारा आणि घेणारा एकच नाव पडलंय, चूक झालीय." मी म्हटलं, नाही बाळा, बरोबर आहे, पावती दे.