निविदा आणि विमादर : भारतातील सर्वसाधारण विमाव्यवसायातील स्पर्धेचे स्वरूप

निविदा मागविण्याच्या पद्धतीमागे दोन गृहीते असतात. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य विक्रेत्यास आहे, हे पहिले. आणि विक्रेते परस्परांपासून स्वतंत्रपणे निर्णय घेतात, हे दुसरे. भारतातील सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात ही गृहीते कोणत्या काळी व कितपत खरी ठरली हे पाहिले असता, निविदेच्या बाह्य रूपावरून स्पर्धेचे अनुमान करणे किती धोक्याचे आहे ते ध्यानात येते.

१९३८ च्या विमा कायद्याने हप्त्यात सूट देऊन ग्राहक मिळविण्यास मनाई केली होती. १९६८ च्या दुरुस्तीने टॅरिफ अ‍ॅडव्हायझरी कमिटीची स्थापना होऊन तिने ठरविलेले दर कंपन्यांना बंधनकारक झाले. या निर्बंधास सबळ कारण होते. पूल बांधणारा कंत्राटदार सिमेंट-लोखंडाचा हिशेब करून किंमत सांगतो. विमा कंपनी मात्र किंमत आधी सांगते आणि तिचा खरा खर्च आग लागल्यावर कळतो. चढाओढीने दर घसरले आणि कंपनी बुडाली, तर ज्याने स्वस्तात विमा घेतला त्याचीच भरपाई बुडते. तथापि या संरक्षणाबरोबरच निविदेतील आशय नाहीसा झाला. कारखानदाराने अनेक कंपन्यांकडून आगविम्याचे दर मागविले तरी नियमानुसार सर्वांचे उत्तर एकच येणार.

१९७२ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यान्वये १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमासंस्थांचा व्यवसाय नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत एकवटला. त्या जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या दुय्यम कंपन्या होत्या. चार कंपन्यांत शक्यतो स्पर्धेस उत्तेजन मिळावे, हा हेतू त्याच कायद्यात नमूद होता, ही लक्षणीय गोष्ट होय. एक कंपनी न करता चार ठेवण्यात आल्या त्या अर्थी हा हेतू केवळ शब्दांपुरता नव्हता. परंतु दर ठरलेले आणि स्वामी एक, अशा स्थितीत स्पर्धेला सेवेपलीकडे फारसा वाव उरला नाही.

पुढे ही चौकट टप्प्याटप्प्याने सैल झाली. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणास वैधानिक स्थान मिळाले व खाजगी कंपन्यांना प्रवेश खुला झाला. २००२ च्या दुरुस्तीने चारही कंपन्या कॉर्पोरेशनपासून अलग होऊन त्यांची मालकी थेट केंद्र सरकारकडे आली. १ जानेवारी २००७ पासून आग, अभियांत्रिकी इत्यादी विम्यांचे दर मुक्त झाले आणि आगविम्याचे दर झपाट्याने उतरले. निविदेचे पहिले गृहीत अशा रीतीने सिद्ध झाले.

दुसऱ्या गृहीताची कसोटी केरळात लागली. २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण होते. हप्ता मुख्यतः सरकार भरी आणि विमा कंपनीची निवड राज्य सरकार निविदेद्वारे करी. केरळच्या निविदांत या चार कंपन्यांनी दर अगोदर संगनमताने ठरविले, असा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने जुलै २०१५ मध्ये काढला व एकूण सुमारे ६७१ कोटी रुपयांचा दंड केला. सर्वांचा स्वामी केंद्र सरकार असल्याने चारही मिळून एकच आर्थिक घटक ठरतात, असा बचाव कंपन्यांनी केला होता. ज्या स्वतंत्र निविदाकार म्हणून पुढे आल्या त्यांना हा बचाव उपलब्ध नाही, असे आयोगाच्या भूमिकेचे सार सांगता येईल. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये दोष कायम ठेवला; मात्र दंडाची आकारणी संबंधित व्यवसायाच्या उलाढालीपुरती मर्यादित केल्याने ती रक्कम सुमारे दोन कोटींवर आली.

कंपन्यांचा बचाव कायद्याच्या दृष्टीने टिकला नाही. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो विचारार्ह आहे. एकाच स्वामीखाली आणि ठरीव दरांवर तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या संस्थांना परस्परांचे प्रतिस्पर्धी होण्यास कायद्यातील दुरुस्ती पुरेशी नव्हती. याचा भार हप्ता भरणाऱ्या सार्वजनिक तिजोरीवर पडण्याचा संभव होता. म्हणून विम्याच्या निविदांचा अभ्यास करताना लखोट्यांची संख्या व त्यांतील सर्वांत कमी आकडा एवढ्यावर न थांबता, ते आकडे कोणी, कोणाच्या अधिकाराने आणि कोणत्या परंपरेत ठरविले याचाही शोध घेणे अवश्य ठरते.